सहा तासांवरचा मुलगा

माझी थोरली बहीण स्वतःच्या मुलाशी दोन वर्षं बोलत नव्हती. त्याचा फोन आला की माझ्या हातात द्यायची आणि घातलेल्या घड्या मोडून पुन्हा कपड्यांच्या घड्या घालत बसायची. हट्टी तर आम्ही दोघी लहानपणापासून, पण ती जरा जास्तच.

भाचा टिल्लू नोकरीसाठी परदेशी निघाला, तेव्हा दाजींनी त्याचं तिकीट मोठ्याने वाचलं होतं. सकाळी दहाला निघणार, दुपारी चारला पोचणार. "सहा तास! तुझ्या माहेरी बसने सात लागतात. टिल्लू माहेरापेक्षा जवळ आहे की!" दाजींचा शब्द म्हणजे ताईला काळ्या दगडावरची रेघ. आपला दिवस असतो तेव्हा तिकडे रात्र असते हे तिला माहीत होतं, पण त्याचा तिकिटाशी काही संबंध असेल हे ना तिच्या डोक्यात आलं, ना माझ्या.

मग दाजी अचानक गेले. पहाटे मीच टिल्लूला फोन केला. ताईने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि शेवटी त्याच्याविनाच सगळं उरकलं. तो दारात उभा राहिला दुसऱ्या दिवशी उजाडताना. हातात बॅग नाही, पायात घरातल्या सपाता. ताई आत येऊन मला म्हणाली, "सहा तासांवर राहतो आणि बापासाठी दुसरा दिवस उजाडला. वर सपातांवर आलाय, फेरफटका मारायला आल्यासारखा." तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप लावलं.

आता सून बाळंत होणार म्हणून आम्ही दोघी निघालो. "मी नातवंडासाठी चाललेय, त्याच्यासाठी नाही," हे तिने बॅगा तपासणाऱ्यालाही ऐकवलं.

दहाला विमान सुटलं. ताईच्या घड्याळात चार वाजत आले तशी तिने केस विंचरले, चपला घातल्या आणि पर्स घेऊन उभी राहिली. खोटं कशाला सांगू, मीही उठले.

"आजी, बसा ना," हवाई सुंदरी हसली. "अजून दहा तास आहेत."

"अगं, चार वाजले की!"

"हे तुमच्या घरचे चार. तिकिटावर तिथले चार लिहिलेत. तिथे आत्ता कुठे उजाडतंय."

तिने समोरच्या पडद्यावर नकाशा लावून दिला. आमचं विमान अर्ध्यावरही आलं नव्हतं. ताई बोटांवर मोजू लागली. पहाटेचा फोन, मग सोळा तास, मग विमानतळापासून घर. मोजता मोजता थांबली आणि पांढरीफटक पडली. पुढे तिने पाण्याचा घोटही घेतला नाही, नुसती नकाशाकडे बघत राहिली.

टिल्लू न्यायला आला होता. आईकडे बघायची हिंमत होईना, म्हणून मला म्हणाला, "मावशी, प्रवास बरा झाला ना?"

ताईने त्याची बाही घट्ट धरली.

"टिल्लू," ती म्हणाली, "अरे, तू पायातल्या सपातासुद्धा बदलल्या नव्हत्यास रे."