खळ्यावरचा अध्याय

"वचन जिभंवर धरावं पोरी, खडीसाखरेवानी. चावायचं न्हाई."

घरोघर फिरून शास्त्र शिकवणाऱ्या बायबलबाई तानुबाईला लहानपणी असं म्हणायच्या. त्यांना जाऊन जमाना झाला, पण मानवतच्या ख्रिस्ती मंडळीनं त्यांचा शब्द असा पाळला, की शास्त्राला म्हणून कुणी दात लावला नाही. एकेक वचन काढायचं, फ्रेम करायची, भिंतीवर ठोकायचं. त्याच्या आधी कोण काय बोललं, नंतर काय घडलं, हे विचारणं म्हणजे अंगणात पडलेल्या गारेला ढगाचा पत्ता विचारणं.

तानुबाईच्या भिंतीवर होतं ते वचन असं: तू जाशील तिथं मी येईन, तुझी माणसं ती माझी माणसं. मंडळीतली प्रत्येक नवरी लग्नात नवऱ्याकडं बघून हेच म्हणते. तानुबाईच्या लेकाकडं, नागनाथकडं बघून सून राजेश्रीही म्हणाली होती. पुढं नागनाथ तापानं गेला. वचन मात्र भिंतीवर धडधाकट होतं.

तानुबाईनं त्याची ओवी केली होती. तूर निवडताना ती गोड गळ्यानं गायची, सुनेला ऐकू जाईल इतपत:

शब्द दिला गं लग्नात, देवाघरच्या दारात
नवरा गेला तरी सून, नांदते त्याच घरात

इतक्या मायेनं कुणाला दावणीला बांधलेलं मानवतनं पाहिलं नव्हतं.

गाण्याला कारण होतं. नाताळाच्या आधी गंगाखेडहून लग्नं जुळवणाऱ्या सुमनबाईचा फोन आला होता. तिथल्या मंडळीतल्या एका बिजवर कंपाउंडरानं राजेश्रीला मागणी घातली होती. तानुबाईनं "बघू" म्हणून फोन ठेवला आणि ओवी धरली. सुनेला अवाक्षर सांगितलं नाही. सून गेली, तर या घरात तिच्याशी बोलायला पातेल्यावरचं झाकण तेवढं उरणार होतं.

त्यात नवे पाळकसाहेब आले. त्यांनी फर्मान काढलं: वचनं चघळणं बंद, प्रत्येक घरानं बायबलातलं एक पुस्तक घ्यायचं आणि पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचायचं. तानुबाईच्या वाट्याला नेमकं भिंतीवरल्या वचनाचंच पुस्तक आलं, चार अध्यायांचं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचणार राजेश्री. तानुबाईचा धाकटा दीर चंद्रभान मंडळीचा पंच. तो देखरेखीला येऊन बसला. शास्त्र कधी हाताबाहेर जाईल, नेम नाही.

सुरुवातीलाच सासू आपल्या विधवा सुनांना सांगते, की बायांनो, माहेरी जा, दुसरं घर करा. ते तानुबाईनं खोकल्यात घालवलं. मग ते वचन आलं, आणि ते नवरीचं निघालंच नाही. विधवा सून भर वाटेत उभी राहून सासूला म्हणत होती.

"सासूला?" तानुबाईनं विचारलं.

"सासूलाच, आत्याबाई."

इतक्या नवऱ्या भलत्याच माणसाकडं बघून बोलल्या, याचं चंद्रभानला काही वाटलं नाही. उलट तो खुलला. "बघा वैनी, हे तर लईच पक्कं निघालं. आता इथंच थांबा."

"मामंजी, अजून तीन अध्याय हायेत."

"वचन घावल्यावर पुढं काय वाचायचं?"

"साहेब शेवटापतोर म्हणलेत," राजेश्री म्हणाली आणि वाचत सुटली.

सून परक्या गावात शेतात सांडलेली कणसं वेचू लागली. शेताचा मालक भला निघाला. मग सासू म्हणाली, बाई, तुझं बरं व्हावं म्हणून मी तुला घर बघू नये का? तिनं सुनेला न्हायला लावलं, तेल लावायला लावलं, चांगलं नेसायला लावलं आणि त्या मालकाकडं खळ्यावर धाडलं.

"खळ्यावर?" चंद्रभान सावरून बसला. "कवा?"

"रातच्याला."

"आन् खळ्यावर कोण हाय?"

"मालकच. जेवून निजलाय."

चंद्रभाननं चष्मा लावला, पुस्तक ओढून घेतलं, ओळीवर बोट दाबून पाहिलं. ओळ हलली नाही.

"हे जुन्या करारातलं, येशूच्या आदीचं हाय," तो म्हणाला.

"मग भिंतीवरचं वचन?"

"ते बी तिथलंच. पर ते चांगलं हाय."

एवढं बोलल्यावर त्याला बाजार समितीतलं काम आठवलं.

शेवटचा अध्याय दोघींनीच ऐकला. सुनेचं लग्न झालं, मूल झालं, आणि ते सासूनं आपल्या मांडीवर घेतलं. राजेश्रीनं तेही वर न बघता, एका सुरात वाचलं.

तानुबाई भिंतीकडं बघत राहिली. पुस्तकातल्या त्या सासूकडं कुणी मागणी घातलीच नव्हती. ती स्वतः घर बघायला निघाली होती. आणि इथं आयती चालून आलेली मागणी ओवीखाली झाकून ठेवलेली.

तिनं सूप बाजूला सारलं.

"राजेश्री."

"ओ."

"गंगाखेडहून तुला मागणी आलीया. नाताळाच्या आधीच. कंपाउंडर हाय, माणूस बरा हाय म्हणं." तिनं लुगड्यावरचा तुरीचा भुसा झटकला. "मला एकटीला ऱ्हायची लय भीती वाटती गं. म्हणून गप बसले."