टाचण्यांचं लोहचुंबक

हसावं की रडावं, असं झालं होतं घड्याळला. नमाजाची एक वेळ चुकवत नाही म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं हे नाव; आणि तीच घड्याळ तीन महिने भलत्याच भिंतीकडे, कपाटाकडे तोंड करून उभी राहत होती!

खोली भाड्यानं घेतली त्या दिवशी तिनंच मोठ्या तोऱ्यात टेबलावर मोबाईल ठेवून किब्ल्याची, म्हणजे नमाजाला तोंड करायची दिशा काढली होती. टेबल होतं तिच्या मैत्रिणीचं, टाचणीचं. टाचणी एका शिवणघरात काम शिकत होती, आणि टेबलाच्या खणात सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं हे एवढं थोरलं लोहचुंबक! मोबाईलमधलं होकायंत्र तिथं कप्पाळ बरोबर दाखवणार! आज तिनं मोबाईल खिडकीत ठेवून पाहिलं, तेव्हा सगळा घोळ लक्षात आला.

मनापासून शोधूनही दिशा चुकली तर नमाज होतो, हे तिला पाठ होतं. तिची काळजी वेगळीच होती. स्वतःची अम्मी वारल्यापासून चार वर्षं टाचणीनं नमाजाचं नाव काढलं नव्हतं. या खोलीत आल्यावर, कुणी न सांगता, एका संध्याकाळी ती आपणहून शेजारी येऊन उभी राहिली. आता हे कळून पोरीचं मन पुन्हा उडालं तर? नमाजाची चटई, जानमाज, गुपचूप फिरवून टाकावी का? पण मैत्रिणीशी असली लबाडी तिच्या जिवावर आली.

टाचणी कामावरून आली तसं तिनं एका दमात सांगून टाकलं. टाचणीचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे अम्मीसाठी एवढं मागितलं, ते सगळं कपाटाला सांगत होते मी?"

"माझंच चुकलं गं," म्हणत घड्याळ रडायलाच लागली. "पण तू परत सोडू नकोस."

टाचणी कपाटाला टेकून खाली बसली.

"लहानपणी मी बाजारात हरवले होते," ती म्हणाली. "भलतीकडेच तोंड करून भोकाड पसरलं होतं. अम्मीनं धावत येऊन मागून उचललं. तोंड कुठं होतं, ते नाही विचारलं." तिनं नाक ओढलं. "अल्लाह काय अम्मीपेक्षा कमी ऐकतो? रडतेस काय, वेडे! सूर्य बुडाला, मगरिबची वेळ झाली."

खरंच झाली होती. घड्याळला आयुष्यात पहिल्यांदा दुसरं कुणीतरी वेळ सांगत होतं.

टाचणीनं लोहचुंबक दाराबाहेर नेऊन ठेवलं, खिडकीत दिशा दोनदा पाहिली आणि दोन्ही जानमाज स्वतःच अंथरल्या.

"ये लवकर," ती म्हणाली. "मला आज बरंच मागायचंय."