नव्या बिऱ्हाडाचा घास

मधली सुट्टी होताच सायकालने जिबेकच्या बाकावर रुमाल पसरला आणि त्यावर तंदूरमधली गोल रोटी ठेवली. शेजारी सायीची वाटी मांडली.

"काय करतेस गं?" जिबेक घाबरून कुजबुजली.

"ओरुल्यूक. तुम्ही आमच्या गल्लीत राहायला आलात. नव्या बिऱ्हाडाला पहिला घास जुन्यांनीच द्यायचा ना?"

वर्गातल्या सगळ्या माना वळल्या. वरच्या कुरणातल्या मेंढपाळांची ही पोर, जिबेक, शाळेत आल्या दिवसापासून सगळ्यांची 'मेंढी' होती. तिच्याशी बोलेल तीही मेंढी, असा वर्गातल्या अक्मारालचा हुकूम. आणि अक्मारालपुढे अख्खी आठवी मूग गिळून बसायची. काल जिबेकच्या दप्तरात लेंड्या निघाल्या. ती एकेक पुस्तक मुकाट्याने पुसत बसली, तेव्हा सायकालला चीड आली. सगळ्यांची आली, स्वतःची जरा जास्तच.

"बेंऽऽ!" अक्माराल तरातरा पुढे आली. "एकीच्या दोन झाल्या! कळप वाढतोय बघा!"

रुमाल ओढून फेकायला तिने हात घातला आणि तो तिथेच थबकला. रोटी पवित्र; ती जमिनीवर पाडायची कुणाची छाती होणार?

"मांडलेल्या रोटीला तोंड लावल्याशिवाय कुणी जात नाही," सायकाल म्हणाली. आवाज चिरकला, पण म्हणाली. "तुलाही घ्यावी लागेल."

मागच्या बाकावरचा दांडगा एर्मेक उठला. "अन्नाला नाही म्हणू नये बाबा," म्हणत त्याने तुकडा मोडून सायीत बुडवला. मग दोघी आल्या. मग झुंबडच उडाली. जिबेक तुकडे मोडून देत होती आणि चक्क हसत होती. सायकालला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

एकटी अक्माराल तेवढी उभी राहिली.

"घे ना," जिबेकने तिच्यापुढे तुकडा धरला.

"आम्ही इथे राहायला आलो तेव्हा," अक्माराल खाली बघत म्हणाली, "कुणी काही आणलं नव्हतं."



"चुकलंच आमचं," सायकाल म्हणाली. "बस."

जिबेक सरकली. अक्माराल टोकाशी टेकली, घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली. एर्मेकने पलीकडचा बाक ओढून आणला आणि या बाकाला जोडला.