भिकुबाईंचा मोकळा हात

मित्रांनो, धुळ्यातील एका रुग्णालयाच्या स्त्रियांच्या वॉर्डात उभा असलेला मी सलाईनचा जुना स्टँड आहे. जळगावच्या एका कारखान्यात लोखंडी नळी वाकवून माझे आकडे घडवले गेले. तेव्हा माझी सारी चाके निमूट फिरत. आता एक कुरकुरते. माझ्यावर बाटली दिसली की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. ती उतरली की त्याच आकड्यांवर ओले टॉवेल आणि डब्याच्या पिशव्या लटकतात. उपेक्षेचे मला दुःख नाही. माझ्या मानामुळे मात्र एकदा एका बाईला यातना सोसाव्या लागल्या.

दोंडाईचाकडच्या भिकुबाईंच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. पहिल्या दिवशी पाण्याचा घोटही पचत नव्हता, म्हणून वेदना शमवणारे औषध शिरेतून दिले. ते चटकन लागू पडले. दुसऱ्या दिवशी पेज पचली, तेव्हा डॉक्टरांनी ते औषध गोळीतून सुरू केले. माझ्यावर उरली ती नुसत्या मीठपाण्याची बाटली.

तरी दुखणे वाढतच गेले. खोकताना टाके ओढत, म्हणून भिकुबाई खोकेनात, उठून बसेनात. छातीत कफ साचू लागला. "आज चालल्या नाहीत तर छातीचा आजार जडेल," डॉक्टर काळजीने म्हणाले.

"औषधनी दुसरी बाटली लाई दे वं माय," भिकुबाईंनी परिचारिका दिपमालाला विनवले. "गोळीवरी काय व्हस?"

दुपारी त्यांचे पती सुपडूनाना आले. भिकुबाईंनी हळूच पदराची गाठ सोडून गोळ्या पुढे केल्या. "ह्या तुमना गुडघाले. माले बाटली शे ना, मंग कसाले वाया घालू?"

नाना थक्क झाले. "ऑपरेशन तुनं व्हयनं का मना गुडघानं?"

शेजारच्या खाटेपाशी असलेल्या दिपमालाला हसू आवरेना. पण तिने गोळ्या आधी ताब्यात घेतल्या. "नाना, दुसऱ्याचे औषध घ्यायचे नाही. आणि अक्का, या बाटलीत दुखण्याचे औषध नाहीच. पोट पचवत नव्हते, तेव्हा सुई हवी होती. आता गोळीही तेच काम करील. तिला थोडा वेळ लागतो, म्हणून दुखणे चढायच्या आधीच घ्यायची. शिवाय सुई निघाली की हात मोकळा!"

डॉक्टरांना विचारून तिने गोळी दिली. माझ्याकडे संशयाने पाहत भिकुबाईंनी ती गिळली. काही वेळाने पोटाशी उशी धरून त्या खोकल्या. मीठपाणी संपले, तशी दिपमालाने सुई काढली. मग भिकुबाई पाय खाली सोडून म्हणाल्या, "आते चालसच मी."

आधारासाठी त्यांनी मला धरले. माझे चाक कुरकुरत भलतीकडे वळले. "हाऊ तं मनापेक्षा बी म्हतारा शे!" असे म्हणून त्यांनी मला सोडले आणि दिपमालाचा हात धरला. ओठ घट्ट मिटून, पाऊल पाऊल टाकत त्या व्हरांड्यापर्यंत गेल्या. परतल्या, बसल्या आणि पुन्हा उठल्या.

मित्रांनो, गरज असेल तेथे मी ताठ उभा राहीन. पण माझ्या उंचीवरून उपचाराची किंमत करू नका. आपल्या माणसाला भेटायला याल, तेव्हा बाटलीआधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. दुखते का, ते विचारा. त्याची गोळी त्याच्याच पोटात जाऊ द्या.

घरी निघताना भिकुबाईंनी मोकळ्या हाताने माझ्या नळीवर थाप मारली.

"तू राय आठेच. मी जास घर."