ताईने मिळवलेला जामीनदार

ताई कपड्यांच्या कारखान्यात शर्टांची काजं करायची. आईबाप गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. त्याच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की ती अंगावर धावून जायची.

धाकटा गाद्यांच्या दुकानाचा टेम्पो चालवायचा. एका दुपारी पोलिसांनी टेम्पो अडवला. दुकानाचा मालक शेजारीच बसला होता. त्याला सगळे शेठ म्हणत. शेठच्या खिशात नशेची चिमूटभर पुडी सापडली. ड्रायव्हरच्या सीटखाली मात्र त्याच मालाचं भलंमोठं गाठोडं निघालं. ‘सीट फार खाली बसलीये, उशी सारलीये बघ,’ असं म्हणत शेठनेच ते सकाळी तिथे ठेवलं होतं. धाकट्याने वर त्याचे आभार मानले होते.

शेठ लगेच जामिनावर सुटला. धाकटा आतच राहिला.

“असं कसं?” ताईने वकीलबाईंना विचारलं.

“माल थोडा असला की जामीन मिळतो. मोठा असला की कायदा उलटा फिरतो. हा निर्दोष असावा आणि बाहेर येऊन पुन्हा गुन्हा करणार नाही, असं आधी न्यायाधीशांना पटावं लागतं. किल्ली तुमच्या भावाकडे, सीट त्याची, म्हणून माल त्याचा.”

“निर्दोष आहे हे आधीच पटवायचं, तर मग खटला कशाला?”

वकीलबाईंनी फाइल मिटली. “मी हेच विचारते. जरा मोठ्या शब्दांत.”

न्यायाधीश माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि अर्ज फेटाळला. खटला काही उभा राहीना. कधी सरकारी वकील गैरहजर, कधी साहेब रजेवर. दुसरा हिवाळाही गेला, तेव्हा वरच्या कोर्टाने म्हटलं, खटला सुरू न करता माणसाला किती दिवस कोंडणार? जामीन मंजूर झाला. अट एकच, जामीनदार स्वतःच्या नावावर घर असलेला हवा.

ताई भाड्याच्या खोलीत राहायची. ती मामाकडे गेली. “तुझ्यासाठी जीव देईन गं,” मामा म्हणाला, “घराचे कागद तेवढे मागू नकोस.” चुलत्याने दारच उघडलं नाही, आत टीव्ही चालू होता.

मग एका संध्याकाळी शेठ कारखान्याच्या फाटकाशी उभा दिसला.

“ताई, माझे सासरे जामीन राहतील.”

“आणि त्याबदल्यात?”

“बदल्यात कसलं? घरच्या माणसाने कोर्टात घरच्याचं नाव घेऊ नये, एवढंच.”

ताईच्या ओठांवर शिवी आली होती. तिने ती गिळली आणि मान हलवली.

धाकटा तुरुंगाच्या दारातून बाहेर आला तो निम्मा होऊन. ताईला पाहून हसला. “जामीनदार कोण मिळाला गं? मामा?”

तिने सांगितलं. अटही सांगितली. तो वळून तडक दारापाशी गेला आणि शिपायाला म्हणाला, “मला आत घ्या.”

“आत यायलाही कोर्टाचा कागद लागतो,” शिपाई म्हणाला. “ही काय धर्मशाळा आहे?”

भेटीसाठी थांबलेली माणसं हसली. धाकटा तिथेच कट्ट्यावर बसला. “आत मी रोज एकच विचार करायचो, ताई. कोर्टात उभा राहीन आणि त्याचं नाव घेईन. तू तेच विकलंस.”

“तुला बाहेर काढायचं होतं रे.”

“काढलंस की.”

त्यानंतर तो तिच्या खोलीत राहिला, पण परक्यासारखा. वाढलेलं मुकाट्याने खायचा, ताट धुऊन ठेवायचा.

अखेर खटला उभा राहिला. पिंजऱ्यात शेठ आणि धाकटा शेजारी शेजारी. न्यायाधीशांनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे?”

“नाही,” धाकटा म्हणाला. “गाठोडं यांचं आहे. यांनीच सीटखाली ठेवलं.”

“ते पुराव्याच्या वेळी बघू,” न्यायाधीश म्हणाले. शेठने खिशातून रुमाल काढून शांतपणे नाक पुसलं.

दुसऱ्याच दिवशी शेठच्या सासऱ्यांनी जामीन काढून घेतला. नवा जामीनदार आणायला कोर्टाने मुदत दिली. ताईने चप्पल पायात सरकवली, तेव्हा धाकट्याने दार अडवलं.

“कुठे निघालीस?”

“मामाकडे. पाया पडते त्याच्या.”

“नाही पडायचं. कुणाच्याच नाही.” कितीतरी दिवसांनी तो तिच्याशी नीट बोलत होता. “माझे दोन जाड शर्ट दे. आत गारठा असतो.”

मुदत संपली तेव्हा तो आपल्या पायांनी आत गेला. शेठ अजून बाहेर आहे आणि दुकान जोरात चाललंय. पुरावा अर्ध्यावर आला असताना न्यायाधीशांची बदली झाली. नवीन साहेब अजून यायचे आहेत. ताई भेटीला जाते. जाळीपलीकडून तो कारखान्याची चौकशी करतो, मामाच्या तब्येतीचीही करतो. ती सगळं सांगते. मग बाहेर येऊन बसस्टॉपवर उभी राहते आणि पहिली बस सोडून देते, कारण रडं आवरलेलं नसतं.