महाराजांच्या हातची पुडी

दोन महिन्यांत हरिहर महाराजांचा चेहरा चांगला गरगरीत झाला होता, आणि राजापेठेतले यजमान त्याला तेज म्हणत होते. महाराजांची मुलगी अश्लेषा अकोल्याला फिजिओथेरपिस्ट. रविवारी सकाळी ती माहेरी आली, दारातच तिनं वडिलांकडे नीट पाहिलं आणि चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "बाबा, काय घेताय तुम्ही?"

"काही नाही. तू सांगितलेले व्यायाम करतो."

हे धडधडीत खोटं होतं. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो, वजन थोडं उतरवा, पूजेला पाटाऐवजी खुर्ची घ्या, ऑपरेशन टळू शकतं, असं पोरीनं परोपरीनं सांगितलं होतं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची आणि दहा आकडे मोजायचे. महाराजांनी ते जेमतेम आठ दिवस केलं. आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो, हे दुसऱ्याला सांगायला सोपं. स्वतःचा गुडघा ठणकला की मुंगीचा राग येतो. शिवाय खुर्चीवर बसून होम सांगायची त्यांना लाज वाटायची. मग अकोल्याच्या एका लॉजवर बसणाऱ्या वैद्यबुवाकडून त्यांनी जडीबुटीच्या पुड्या आणल्या. तिसऱ्याच दिवशी गुडघा वाकला. महाराज ऐटीत मांडी घालून बसू लागले.

अश्लेषानं पुडी उघडून पाहिली. बॅगेतलं यंत्र काढून त्यांच्या बोटाला सुई टोचली. जन्मात कधी नव्हती ती साखर अडीचशेच्या पुढे गेली होती.

"यात बहुतेक स्टेरॉइड आहे," ती म्हणाली. "तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. पण चेहरा सुजलाय, साखर वाढलीय. दुखणं दाबलं जातं, झिजलेला गुडघा होता तसाच राहतो. आता एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं. आजच डॉक्टरांना दाखवू. आणखी कोणाला दिल्या नाहीत ना?"

महाराज मोबाईल शोधू लागले. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावात गोदाबाई म्हणून त्यांच्या जुन्या यजमानीण होत्या. गुडघ्यांनी बेजार, आणि दहा वर्षांपासून साखरेच्या गोळ्या चालू. त्यांना महाराजांनी मूठभर पुड्या दिल्या होत्या. देताना वैद्यबुवाचं वाक्यही जसंच्या तसं म्हटलं होतं, की हे चालू असताना दुसऱ्या गोळ्या नकोत.

त्यांनी फोन लावला. गोदाबाईंचा मुलगा किशोर रडकुंडीला आला होता.

"महाराज, तुमालेच लावून राहिलो होतो. आई दोन दिवसापासून नुसती पाणी पिऊन राहिली. आज उलट्या होऊन राहिल्या. गावच्या आशाताईनं बोट टोचून पाह्यलं त साखर चारशेच्या वर. दवाखान्याची गाडी बोलावली त आईनं वापस पाठवली. म्हणते, महाराजाचं औषद चालू हाय, सुई लावाची नाही."

"फोन दे त्यांच्याजवळ."

"देऊन पाह्यला असता, पण तिले वाटन, मी फोनवर दुसऱ्याच कोणाले महाराज बनवून राहिलो. तुमी या."

अश्लेषानं गाडी काढली. उलट्या सुरू झाल्या म्हणजे हातात वेळ थोडा आहे, एवढंच ती बोलली. बडनेरा मागं पडल्यावर महाराजांनी विचारलं, "मी काय सांगू तिथं?"

"खरं ते."

खरं सांगणं फिजिओथेरपिस्टला परवडतं. महाराजांनी चाळीस वर्षं त्या गावात लग्नं लावली होती, बारशी केली होती. त्यांनी दिलेला अंगारासुद्धा लोक मुलांच्या तोंडात घालत. ते गाव आता काय म्हणेल, हीच त्यांना भीती. म्हातारी मरणाच्या दारात असताना आपल्याला गावाची पडली आहे, याचीही लाज वाटत होती.

गोदाबाई ओसरीत खाटेवर होत्या. श्वास भरभर चालला होता, ओठ सुकले होते. महाराज दिसताच त्या हसल्या आणि उजवा पाय पोटाशी घेतला.

"पाहा महाराज, गुडघा कसा वाकते. जादू केली तुमी."

भोवती आठ-दहा बायामाणसं. महाराजांनी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते वेगळंच.

"गोदाबाई, औषधाचे दिवस पूर्ण झाले. आता दवाखान्यात जायचं. माझी आज्ञा आहे."

"तुमी म्हणता त जातो न."

झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हातारी निमूट उठली, किशोरनं धरून तिला गाडीत बसवलं. अश्लेषा वडिलांकडे रोखून पाहत होती, पण भांडायला वेळ नव्हता. सगळं सुरळीत झालं होतं. तेवढ्यात गोदाबाईंनी काचेतून शेजारच्या मायाला हाक मारली.

"माये, देव्हाऱ्यातल्या पुड्या तू घे वं. तुयेबी गुडघे दुखते. महाराजाच्या हातच्या हायेत."

मायानं धावत जाऊन डबी आणली आणि कपाळाला लावली.

"ते घेऊ नका," महाराज म्हणाले.

"काहून?"

"त्यात काय आहे ते मला माहीत नाही. माहीत नसताना मी दिलं. साखरेच्या गोळ्या बंद करायलाही मीच सांगितलं. यांची ही दशा माझ्यामुळे झाली."

किशोरचा हात उठला, आणि आईकडे पाहून खाली आला. गोदाबाईंनी कष्टानं मान वळवली.

"महाराज, मी त तुमचं नाव सांगून चार घरी देल्ल्या."

अश्लेषानं गाडी सुरू केली. "तुम्ही राहा बाबा. चौघांनाही सांगा. पुड्या फेकू नका, मनानं बंद करू नका, त्या बरोबर घेऊन आजच दवाखान्यात या म्हणावं." गाडी गेली. घरं दाखवायला माया पुढं निघाली, महाराज मागं. वाटेत त्यांना कोणी नमस्कार केला नाही.

पहिल्या घरी शिव्या मिळाल्या. दुसऱ्या घरी दार लागलं, ते दाराबाहेरूनच बोलले. तिसऱ्या घरी असताना अश्लेषाचा फोन आला. सलाईन आणि इन्सुलिन सुरू झालं होतं, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणत होते.

चौथं घर शेताकडेला होतं, तिथवर बातमी पोचली नव्हती. खुशालरावांची म्हातारी आई महाराजांना पाहून हरखली. लगबगीनं पुढं आली आणि पोरीसारखी सहज त्यांच्या पायांशी वाकली.

महाराजांनी पाय मागं घेतले आणि चौथ्यांदा सांगायला सुरुवात केली.