कक्षा सातवरची बाई

दर तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी अकरा वाजता विनीता फणसे कॅमेऱ्यासमोर बसायची. ‘ध्रुवांतर’ हा विज्ञानकथांचा हिंदी कॉमिक्स-संग्रह त्या आठवड्यात इंदूरला पोचलेला असायचा, आणि विनीता, देवेंद्र आणि शिवांगी असे तिघे तो लाइव्ह उघडून वाचायचे. नियम एकच होता. अंक आधी कुणी उघडायचा नाही. पाकिटाची चिकटपट्टी लोकांच्या डोळ्यांदेखत फाडायची, गोष्ट पानापानानं वाचायची आणि जे वाटेल ते तिथल्या तिथं बोलायचं. बघणारे पाच-सहाशे असायचे. इंदूर, उज्जैन, भोपाळ, कुणी पार रायपूरचे.

जागा देवेंद्रची होती. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत त्याचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं आणि दुकानावर एक खोली. रविवारी दुकान बंद, त्यामुळे खालून छापखान्याचा आवाज नसायचा, फक्त गल्लीतले हॉर्न. देवेंद्र आणि विनीता कॉलेजपासूनचे मित्र. शिवांगी त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आर्किटेक्ट, फार वेगानं बोलणारी. लोक मुख्यतः तिच्यासाठी यायचे. विनीता भंवरकुआं भागातल्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायची, म्हणून गोष्टीतलं विज्ञान बरोबर आहे की नाही हे सांगायचं काम तिच्याकडे होतं.

आणखी एक माणूस न चुकता बघायचा. तिचे वडील, प्रतापराव. रामबागेतल्या घरात ते टीव्हीला मोबाइल जोडून बसत आणि दर वेळी कॉमेंटमध्ये ‘छान’ एवढंच लिहीत. शिवांगी ते मोठ्यानं वाचून दाखवायची. लोकांनाही फणसे अंकलची सवय झाली होती.

त्या रविवारी अंकातली तिसरी गोष्ट निघाली, ‘कक्षा सात’. हिंदीत इयत्तेलाही कक्षाच म्हणतात, म्हणून शिवांगीनं ही शाळेतल्या सातवीची गोष्ट आहे की काय असा विनोद केला. लेखकाचं नाव आधी ऐकलेलं नाही, असं तिघांनीही सांगितलं. चित्रं काळ्या-निळ्या रंगात होती आणि फार सुंदर होती. एका ग्रहाभोवती सातव्या कक्षेत फिरणारं जुनं मालवाहू स्टेशन, त्यावर एकटीच राहणारी एक रखवालदार बाई, आणि स्टेशन चालवणारं एक म्हातारं यंत्र. दोन वर्षांतून एकदा पृथ्वीकडे जाणारं जहाज येतं, सहा तास थांबतं. बाई बॅग भरते. जहाज लागलं की यंत्र सांगतं, आतला दाब कमी होतोय, मला काहीतरी होतंय, तू गेलीस तर मी टिकणार नाही. बाई बॅग ठेवते. जहाज जातं. दाब आपोआप ठीक होतो.

विनीता वाचत होती आणि सवयीनं विज्ञान तपासत होती. दाबाचे आकडे बरोबर होते. पुढच्या पानावर बाई यंत्राच्या नकळत हातातल्या साध्या मापकानं दाब मोजते. दाब अगदी हवा तेवढा असतो. यंत्र खोटं बोलत असतं हे तिला कळतं. पुढचं जहाज येतं, यंत्र पुन्हा तेच सांगतं, आणि बाई पुन्हा बॅग ठेवते.

मग तिनं पान उलटलं. जहाज लांब गेलेलं, काचेतून त्याचा ठिपका दिसतोय, आणि मागून यंत्र विचारतं, “आज खाने में क्या बना है?”

शिवांगी हसत सुटली. अरे, मशीन जेवणाचं विचारतंय, याला तोंड कुठंय, असं म्हणत तिनं ते पान कॅमेऱ्यासमोर धरलं. विनीताला तो प्रश्न पाठ होता.

सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कॉलेजात शिकवण्यासाठी तिची निवड झाली होती. निघायच्या आदल्या दिवशी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. ईसीजी काढला, काही निघालं नाही. तिनं कॉलेजला नकार कळवला, आणि त्याच संध्याकाळी बाबा उशीला टेकून बसले आणि म्हणाले, आज जेवायला काय आहे? तीन वर्षांपूर्वी नाशिकचं एक स्थळ जवळपास ठरलं होतं. पुन्हा छाती, पुन्हा ईसीजी, पुन्हा नकार, आणि पुन्हा तोच प्रश्न. दुसऱ्या वेळी तिनं रिपोर्ट गुपचूप दुसऱ्या डॉक्टरला नेऊन दाखवला होता. त्यांनीही हृदय उत्तम असल्याचं सांगितलं. हे सगळं तिनं जगात एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तो तिच्या उजव्या हाताला बसला होता.

तिनं देवेंद्रकडे पाहिलं. तो अंकात बघत होता. पानावर नाही, पानांच्या मधल्या शिवणीत.

कॉमेंट धडाधड येत होत्या. बेवकूफ औरत. हॅच खोल और निकल. मशीन का प्लग निकाल दो, भिया. शिवांगी त्या एकेक करून वाचत होती आणि तिलाही राग आलेला होता. तिचं म्हणणं, पहिल्या वेळी समजू शकतं, पण मापकानं मोजल्यावरही जी थांबते तिची दया कशाला करायची? लेखकानं हिला इतकं कमजोर का केलं? देवेंद्रजी, तुम्हीच सांगा, असं तिनं म्हटल्यावर देवेंद्र पुटपुटला की काही माणसं अशी असतात.

विनीताला उठून जायचं होतं. पण खोली लहान होती, दाराकडे जायला कॅमेऱ्यासमोरून जावं लागलं असतं, आणि पावणेसहाशे लोक बघत होते. त्यातले एक बाबा होते. कॉमेंटच्या रांगेत त्यांचं ‘छान’ अजून आलेलं नव्हतं. ती त्याचीच वाट बघत होती. ते आलं असतं तर त्यांना काही कळलं नाही असं तिनं मानून घेतलं असतं.

मग त्यांचं नाव आलं. शिवांगीनं नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं, “फणसे अंकल लिख रहे हैं, मशीन को भी डर लगता होगा.” आणि ती म्हणाली, “ओहो, आज अंकल मशीन की पार्टी में. विनीताताई, आपका क्या? आज आप बोल ही नहीं रहीं.”

विनीता पाणी प्यायली. ती म्हणाली की या गोष्टीतलं विज्ञान ठीक आहे. शिवांगी म्हणाली, विज्ञान सोडा, बाई जात का नाही ते सांगा.

“तिला कुणी फसवलेलं नाही,” विनीता म्हणाली. लाइव्ह हिंदीत चालायचं, पण ती मराठीत बोलत होती आणि ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. “लेखकाला वाटतंय की ती यंत्रावर दया करते. तसं नाही. जहाज आलं की तिलाच भीती वाटते. तिथं जाऊन काय करायचं, कोण ओळखणार, इतक्या वर्षांनी जमेल का. यंत्रानं सांगितलं की दाब कमी होतोय, की तिला थांबायला कारण मिळतं. उद्या यंत्र गप्प बसलं ना, तर तिची पंचाईत होईल.”

शिवांगीनं चटकन चौथ्या गोष्टीचं पान उघडलं.

लाइव्ह संपल्यावर शिवांगी निघून गेली. विनीता खाली दुकानात आली. शटर अर्धं वर होतं, नमुन्याच्या पत्रिका भिंतीवर लावलेल्या होत्या. देवेंद्र मागोमाग आला. त्यानं स्वतःच कबूल केलं. टोपणनावानं आठ महिन्यांपूर्वी पाठवली होती, छापतील असं वाटलं नव्हतं. सगळं बदललं होतं त्यानं, घराचं स्टेशन केलं, माणसाचं मशीन केलं.

“जेवणाचं नाही बदललंस,” ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. म्हणाला, बदलून पाहिलं, पण मग गोष्ट मरत होती. आणि मग म्हणाला, “मला वाटलं तू वाचशील आणि जाशील.”

“मला एकटीला सांगायचंस. बाबा बघतात हे तुला माहीत होतं.”

तो माफी मागत राहिला. तिनं भांडण केलं नाही, फक्त पुढच्या अंकाला मी नसेन एवढं सांगितलं आणि शटरखालून वाकून बाहेर पडली.

जे तिनं देवेंद्रलाही सांगितलं नव्हतं ते असं की, दहा दिवसांपूर्वी पुण्याहून तिला पुन्हा बोलावणं आलं होतं, मेलवर. शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानाच्या फिल्म बनवणारी एक कंपनी, तिथं पटकथा लिहायचं काम. एक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं होतं. ती रोज मेल उघडायची आणि बंद करायची.

घरी बाबांनी टीव्ही बंद केलेला होता. ते खुर्चीत ताठ बसले होते, कार्यालयात बसावं तसे. रजिस्ट्री ऑफिसात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी विचारलं, ती गोष्ट देवेंद्रनं लिहिली का? ती हो म्हणाली. मला वाटलंच, ते म्हणाले. ते जेवणाचं वाचलं तेव्हाच कळलं.

ती उभीच होती. पर्स खांद्यावरून काढायचीही तिला आठवण नव्हती.

“प्रत्येक वेळी खोटं नव्हतं, विनू,” ते म्हणाले. “दुखायचं. खरंच दुखायचं. तू राहते म्हणालीस की थांबायचं.”

तिनं तिथंच त्यांना पुण्याचं सांगितलं. तारीखही सांगितली. त्यांच्या छातीकडे हात जातो का हे ती बघत होती. गेला नाही. ते म्हणाले, जा तू. मी कामाच्या मावशींना दोन्ही वेळच्या स्वयंपाकाचं सांगतो. अपना काम चल जाता है.

पुढचे आठ दिवस प्रतापरावांनी एकदाही दुखण्याचं नाव काढलं नाही. सकाळी फिरायला जात होते, बीपीची गोळी स्वतः घेत होते, मोबाइलवर इंदूरहून पुण्याच्या गाड्या बघत होते. इतका सोपा दरवाजा विनीतानं कधी पाहिला नव्हता, आणि ती त्याच्यातून जात नव्हती. मेल तशीच पडली होती. शिकवताना तिच्या मनात घर यायचं. ते काही लपवत तर नसतील? आधी निदान सांगायचे. मधल्या सुट्टीत ती फोन करायची आणि ते काय बोलतात यापेक्षा त्यांचा श्वास ऐकायची. तिकडे शिवांगी कळवत होती की त्या दिवसाच्या व्हिडिओला कधी नव्हे इतके लोक आलेत, सगळे विनीताताईंचं बोलणं हिंदी अनुवादासकट शेअर करतायत, बाईनं पुढच्या अंकात निघावं म्हणून ‘ध्रुवांतर’ला पत्रं लिहितायत. विनीतानं ते वाचून उत्तर दिलं नाही.

नवव्या दिवशी ती कोचिंगहून लवकर परतली. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्याच्या वळणावर बाबा कठडा धरून उभे होते, भाजीची पिशवी पायरीवर ठेवलेली. तिला पाहताच त्यांनी पिशवी उचलली. काय झालं म्हणून तिनं विचारलं. काही नाही, दम लागला, चाळीस पायऱ्या आहेत, ते म्हणाले. तिनं छातीचं विचारलं. नाही म्हणाले. तिनं परत विचारलं, हाताला घाम आहे का पाहिलं, आणि ते नको नको म्हणत असताना त्यांना खाली आणून रिक्षात बसवलं.

डॉक्टर अनुश्री किरकिरे त्यांना वीस वर्षांपासून ओळखत होत्या. त्यांनी ईसीजी काढला, बीपी पाहिलं, पाठीला स्टेथोस्कोप लावून दोनदा श्वास घ्यायला लावला. सगळं ठीक होतं. मग त्या केसपेपर लिहायला बसल्या आणि सवयीनं विचारलं, “तक्रार काय होती?”

विनीता सांगू लागली. जिन्यात थांबले होते, चेहरा उतरला होता, हल्ली काही बोलत नाहीत. डॉक्टरांनी पेन थांबवलं आणि प्रतापरावांकडे पाहिलं. “तुम्हाला काय होत होतं?”

“मला काही नाही,” प्रतापराव म्हणाले. ते शर्टाची बटणं लावत होते. “तक्रार हिची आहे.”

त्यात टोमणा नव्हता. डॉक्टरही हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर ‘नियमित तपासणी’ असं लिहिलं आणि तो विनीताच्या हातात दिला. कागद घेताना विनीताला एकदम लाज वाटली. खोलीत तिघंच होते, तरी त्या पावणेसहाशे लोकांसमोर वाटली नव्हती तितकी.

परतताना राजवाड्याच्या अलीकडे रिक्षा अडकली. पुढे ठेले, मागे स्कूटर, दोन्ही बाजूंना माणसं. तिनं मोबाइल काढला. त्या दिवशी तीस तारीख होती. तिला ‘येते’ असं लिहायचं होतं, आणि ती ते लिहून बसली होती. मग तिनं ते खोडलं आणि पंधरा तारखेपर्यंत वेळ मिळेल का असं विचारलं. वडिलांच्या प्रकृतीचं कारण तिनं दिलं नाही. कारण न देता विचारायची ही तिची पहिलीच वेळ, आणि वाक्य फार उघडं दिसत होतं.

रिक्षा हलायच्या आधीच उत्तर आलं. पंधरापर्यंत थांबू, त्यानंतर जागा दुसऱ्या उमेदवाराला देऊ.

“काय म्हणतात?” प्रतापरावांनी विचारलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, समोरच्या ठेल्यावरचे पेरू बघत होते.

“पंधरा तारखेपर्यंत.”

“बरं,” ते म्हणाले.

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि मान बाहेर काढून पुढे काय झालंय ते बघू लागला. विनीतानं केसपेपरची घडी घातली, मग आणखी एक घातली. किती वेळ लागेल, असं तिनं त्याला विचारलं. काही सांगता येत नाही मॅडम, तो म्हणाला, उतरून पायी जायचं असेल तर जा. प्रतापराव एका बाजूला सरकले आणि तिला उतरता यावं म्हणून त्यांनी पाय आत घेतले. ती बसून राहिली.